उष्टं

"लागला, लागला!" कोंडाबाई ओरडल्या तेव्हा कढईवर मीच उभी होते. उलथनं माझ्या हातात होतं, वाफ माझ्या तोंडावर येत होती, आणि कोंडाबाई पार तिकडे दाराशी दुधाचे कॅन विसळत बसल्या होत्या. तिथून त्यांना वास गेला. बाहेर टेम्पो पुसणाऱ्या विरेशलाही गेला, त्यानं फडकं नाकाला लावून आत डोकावून बघितलं. मला मात्र काहीच आलं नाही. दूध तळाला धरून करपत होतं आणि मी त्यावर वाकून निवांत उलथनं फिरवत होते. खाली नजर गेली तेव्हा तपकिरी पापुद्रे वर यायला लागले होते. "काय बगायलाव ताई, जाळ वढा की मागं!" असं म्हणत कोंडाबाई ओल्या हातानं धावत आल्या आणि त्यांनीच लाकडं बाहेर ओढली. भट्टीवरच्या साऱ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "ओरडायला काय झालं? मुद्दाम खरपूस घेतलाय." जन्मात कधी मी खवा मुद्दाम खरपूस घेतलेला नाही, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. पण एकदा तोंडातून गेलं म्हणजे गेलं. मग ते खरं करून दाखवायला मी आणखी पुढे गेले. "वरचा वर काढून घ्या आणि सिद्रामप्पांच्या ऑर्डरच्या पेढ्यात मिसळा." कोंडाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, मिसळू न्हाय." मी म्हणाले, "मी सांगतेय ना!" त्या म्हणाल्या, "बरं." कोंडाबाई दिवसभर बडबडणारी बाई. त्या एकाच शब्दावर थांबल्या म्हणजे त्यांना पटलेलं नसतं.

ताप येऊन गेला होता, साधा, चार घरांत येतो तसा. सर्दी गेली, अंग हलकं झालं, मी भट्टीवर यायला लागले. तेव्हापासून चहा नुसता गरम पाणी लागत होता. मी चहापत्तीवाल्याला शिव्या दिल्या. आमटी मातकट लागली तेव्हा डाळीला दोष दिला, दूध बेचव लागलं तेव्हा बेंबळीच्या गवळ्याला फोन करून म्हशींना काय चारतोस म्हणून झापलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं चाललं होतं, आणि अंगण एकेक करून सगळ्या जिल्ह्याएवढं झालं होतं. ओव्याची वाफ घेतली. नाकात तूप सोडलं. डॉक्टरकडे गेले नाही, कारण डॉक्टरकडे गेलं की आजाराला नाव मिळतं. घरात वैजनाथ, म्हणजे माझे यजमान, जिल्हा परिषदेतून आले की ताटात पडेल ते मुकाट खात होते. त्यांना भाजीतलं काय कमीजास्त होतं ते कळत असणार, पण आमच्या घरात त्यावर बोलायची रीतच नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षीच ते हसत म्हणाले होते, "बाकीच्यांच्या बायका वाढताना विचारतात, कसं झालंय म्हणून. तू सांगतेस." मला तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं. कसं झालंय हे दुसऱ्याला काय विचारायचं? मला कळत नाही का?

कळत होतंच मला. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला आमच्या घरामागं आईची भट्टी होती. आई, नागूबाई, गावात खव्याचीच म्हणून ओळखली जायची. मी तिच्या मांडीएवढी असल्यापासून ती उलथन्याच्या टोकावरचा खवा फुंकून माझ्या जिभेवर ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघणं मला अजून आठवतं. हात थांबलेला, जाळ खाली, आई गप्प, म्हशी गप्प, आणि सगळं माझ्या एका "हं"साठी अडलेलं. माझ्या जिभेवर तीळ आहे. आई सांगायची, तिळाच्या जिभेचं बोललेलं खरं होतं. पुढं पुढं मी खवा चाखून सांगायला लागले की म्हैस कडब्यावर आहे की ओल्या चाऱ्यावर, सरकी पेंड जास्त झालीय की काय. शेजारची भट्टीवाली माणसंही वाटीत खवा घेऊन यायची. लग्न होऊन धाराशिवला आले तेव्हा ही जीभ हेच माझं आंदण होतं. स्वयंपाकघरातल्या एका कढईवर सुरुवात केली, आता येडशी रस्त्याला पत्र्याची मोठी भट्टी आहे, हाताखाली बायका आहेत, टेम्पो आहे, आणि खोक्यावर लाल अक्षरांत माझं नाव आहे, दैवशाला पेढा. भट्टीत माझा एकच कायदा, चाखायचं मी. दुसऱ्या कुणी बोट तोंडात घालायचं नाही. दूध तपासायचं यंत्र घ्या, एखादा शिकलेला माणूस ठेवा, असं मला चारचौघांनी सांगून झालं. घरात जीभ असताना यंत्र कशाला, असं म्हणून मी त्यांना पेढा देऊन वाटेला लावलं. सासूबाईंनी, कमलबाईंनी, एकदा माझी ही तऱ्हा बघून पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "आख्ख्या जिल्ह्याला उष्टं खाऊ घालतीय माझी सून!" सगळे हसले, मीही हसले. पण मनात म्हणाले, उष्टं असेना, माझं आहे.

आणि म्हणूनच सोमवारचा पहिला घाणा, म्हणजे पहिली कढई, मी करत नाही. तो येडशीच्या रामलिंगाला नैवेद्याला जातो आणि नैवेद्य चाखलेला चालत नाही. मी सुरुवातीला केला होता. खवा उतरवताना माझं बोट माझ्या नकळत तोंडात गेलं आणि सगळा घाणा बाजूला ठेवावा लागला. तेव्हापासून सोमवारचं कोंडाबाईंकडे. त्या दिवशी त्या डोक्यावरून अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून येतात आणि कढई उतरेपर्यंत चकार शब्द बोलत नाहीत, तेवढीच आम्हाला विश्रांती. मी त्या वेळात हिशेबाचं नाहीतर खोक्यांचं काहीबाही बघत असते. त्या घाण्याकडे मी कधी लक्ष दिलेलं नाही. तो देवाचा घाणा. तो चांगला झाला तर देवामुळे, असं मी धरून चालले होते.

दुपारी सिद्रामप्पा आले. त्यांचं नळदुर्गला मिठाईचं जुनं दुकान, माझा पेढा तिथं पहिल्यापासून जातो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचा साखरपुडा होता आणि पेढे दुकानासाठी नव्हते, घरच्या मांडवासाठी होते. आप्पांना साखरेचा आजार आहे. मिठाई विकणारा माणूस, पण स्वतः गोडाला शिवत नाही. ते आले, खुर्चीवर टेकले, घाम पुसला आणि परातीतला एक पेढा उचलून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "अक्का, तुमी चाखून बरं म्हणा, मग भरा. घरचं कार्य हाय." मी पेढा तोंडात घातला. काहीतरी मऊ होतं. काहीतरी गोड होतं. त्यापलीकडे, जिथं दूध असतं, वेलदोडा असतो, जाळाचा धूर असतो, म्हशीचा चारासुद्धा असतो, तिथं काही नव्हतं. घरी जावं आणि आतलं सगळं सामान कुणी उचलून नेलेलं असावं, भिंती तेवढ्या जागच्या जागी. मी चघळत राहिले. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, आई बघायची तसे. परातीमागं कोंडाबाई उभ्या होत्या, त्याही बघत होत्या. मी म्हणाले, "बरोबर आहे, आप्पा." त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "झालं मग," असं म्हणून ते चहासुद्धा न घेता उठले, त्यांना गाडी गाठायची होती. मी त्यांना दारापर्यंत सोडून आले. तिळाची जीभ. आज ती पहिल्यांदा न कळता बोलली होती. करपलेला घाणा त्या पेढ्यांत होता, मीच घालायला लावला होता, आणि त्याची चव किती उतरली असेल हे सांगणारं माझ्या तोंडात कुणी उरलं नव्हतं. मला भीती पेढ्याची वाटली नाही, खरं सांगते. जीभ गेली तर मी कोण, याची वाटली. खोक्यावरच्या लाल अक्षरांच्या मागं कुणीच नाही, असं वाटलं.

भाजी आणते म्हणून मी भट्टीतून बाहेर पडले आणि रिक्षा करून कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण लहान वयाची, हर्षाली नावाची, केस वर बांधलेले. मी म्हणाले, "माझी जीभ गेलीय." तिनं जीभ बघितली, तीळ बघितला, आणि म्हणाली, "जीभ छान आहे." मग तिनं मला डोळे मिटायला लावले. जिभेवर एक थेंब ठेवला, मी म्हणाले, आंबट. दुसरा ठेवला, खारट. तिसरा, कडू. चौथा, गोड. मग नाकाखाली काहीतरी धरलं आणि विचारलं, काय आहे? मी म्हणाले, काही नाही, हवा. डोळे उघडले तर तिच्या हातात लवंगांची उघडी डबी होती. "मावशी, जिभेला एवढंच कळतं," ती म्हणाली. "गोड, खारट, आंबट, कडू, आणि मटणाच्या रश्शाला असते ती एक गोडी. बाकी सगळी चव नाक सांगतं. काम नाकाचं आणि नाव जिभेचं." मी विचारलं, "पेढा करपला की नाही हे जिभेला कळत नाही?" ती म्हणाली, "कडू झाला इतका करपला तर कळेल. थोडा करपट असेल तर ते नाकाचंच काम." तापानं नाकातल्या नसांना मार बसलाय, बहुतेकांचं परत येतं, कुणाचं लवकर, कुणाचं फार उशिरा, तुमचं कधी ते मी छातीठोक सांगू शकत नाही, असं ती म्हणाली. रोज लवंग आणि लिंबू हुंगत जा, वास आला नाही तरी आठवत हुंगा. "आणि तोपर्यंत?" मी विचारलं. तिला प्रश्न कळला नाही. "तोपर्यंत गॅसजवळ कुणाला तरी बरोबर ठेवा," ती म्हणाली.

बाहेर आले. बसस्थानकाशी धूर सोडत गाडी उभी होती, पेरूची गाडी होती, गटार होतं, फुलवाली होती, आणि त्या सगळ्यातून मी काचेतून बघितल्यासारखी चालले होते. चालता चालता मला हसू यायला लागलं. आधी थोडं, मग आवरेना, पदर तोंडाला लावावा लागला. जन्मभर मी जिभेची आरती केली! वाशीत, धाराशिवात, सासूबाईंसमोर, बँकेतल्या साहेबांसमोर. तिळाची जीभ, तिळाची जीभ. आणि ती बया इतकी वर्षं नाकाच्या जिवावर जगत होती, नाकाला कुणी एक शब्द विचारला नाही. नाकानंही कधी तक्रार केली नाही. माझी एवढी मोठी स्वतःची जीभसुद्धा एकटीच्या बळावर काही करत नव्हती. का कोण जाणे, पण त्या रस्त्यावर, काहीच न हुंगता, मला हलकं वाटलं. डोक्यावरची घागर कुणी न विचारता उतरवून घ्यावी तसं. आणि त्या हलकेपणात सोमवार आठवला. रामलिंगाचा प्रसाद दर सोमवारी घरी येतो. मी तो खाते, वैजनाथ खातात, सासूबाई तर वाटीभर खातात. त्यात मी एकदाही खोट काढलेली नाही. खोट काढायला मी कुणाला सोडते? कढईवर असताना त्या घाण्याला माझी जीभ कधी लागलेलीच नाही. माझ्याच भट्टीत, माझ्याच कढईत, माझ्याशिवाय दर आठवड्याला खवा नीट होत होता, आणि मी ते श्रेय देवाला देऊन मोकळी झाले होते. देवानंही कधी तक्रार केली नसेल, पण कोंडाबाई तिथंच दहा पावलांवर उभ्या होत्या. मग एकदम पेढा पुढे धरलेले आप्पांचे दोन्ही हात डोळ्यांपुढे आले आणि मी रिक्षाला हात केला.

टेम्पो भरून तयार होता. विरेश चढून बसला होता, चावी फिरवली होती. मी रिक्षातूनच ओरडले, "थांबव! गाडी बंद कर!" सगळ्या बायका बाहेर आल्या. मला वाटलं होतं कोंडाबाईंना बाजूला घेऊन सांगावं, पण बाजूला घेतलं असतं तर मी पुन्हा काहीतरी खरपूस बोलले असते. म्हणून तिथंच, टेम्पोच्या मागच्या फळीला धरून बोलले, "मला वास येत नाही. ताप आला होता तेव्हापासून. चव कळत नाही. सकाळचा घाणा करपला तेही मला कळलं नव्हतं. आप्पांना बरोबर आहे म्हणाले तेही न कळता म्हणाले." मग कोंडाबाई म्हणाल्या, "ते ठावं हाय आमाला." मी म्हणाले, "कसं काय?" त्या म्हणाल्या, "चार दिस झालं, कढईत माशी पडल्यागत त्वांड करून चहा पिताव, आन् गवळ्याला शिव्या देताव. गवळी बेजार झालाय बिचारा." एकजण पदराआड हसली. मी म्हणाले, "तो घाणा मिसळला?" कोंडाबाई म्हणाल्या, "तुमीच म्हणलात मिसळा, मिसळला की." माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी हात वर केला. "जरा दम धरा. मिसळला, पन त्या पेढ्यांवर छाप मारला न्हाय. अंगठा मारलाय."

आमच्या पेढ्यावर लाकडी ठशाचं फूल असतं. विरेशनं दोन खोकी उघडली. एकात फुलंच फुलं होती आणि दुसऱ्यात कोंडाबाईंचा अंगठा, रांगेनं, प्रत्येक पेढ्यावर. "का केलं असं?" मी विचारलं. "उंद्या कुनी बोललं तर कुठला ते कळाया नको व्हय? सगळाच माल कसा बदनाम करायचा?" विरेश म्हणाला, "ताई, अंगठ्याची खोकी म्या म्होरंच ठिवली हुती. मांडवातनं मागारी घ्यावी लागली तर हाताशी असावी म्हनून. मागारी आलेली खोकी म्याच उचलतो ना. कुठं काय बोलत्यात ते मला ठावं असतंय." मी त्याच्याकडे बघितलं. लोक काय बोलतात, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. टेम्पो चालवतो एवढंच त्याचं काम, असं मी धरून चालले होते.

आप्पांना फोन लावला. ते नुकते घरी पोचले होते, मागं मांडवाच्या बांबूंचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, गाडी उशिरा येईल म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "आप्पा, माझ्या जिभेचा भरवसा आता धरू नका." मग आप्पा म्हणाले, "अक्का, मला साखर झाली तवापासनं माझी जीभ म्या तुमच्यापाशी ठिवली. दुकान बंद पडलं का? निवांत झोपतो मी. आता तुमची तुमी कुनापाशी ठिवायची ते तुमी बगा. मला सकाळी पेढा पायजे, बास." आणि त्यांनी फोन ठेवला. मला रडू आलं. आप्पा रागावतील असं वाटलं होतं, आणि आलं ते हे.

अंगठ्याचे पेढे उतरवून घेतले. संध्याकाळचं दूध आलेलंच होतं. कोंडाबाईंनी हात धुतले, कढईवर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तुमी बसा." मी भट्टीत कधी बसलेली नाही. पोत्यावर बसले. पदराच्या टोकाला बांधून आणलेली लवंग हुंगत राहिले, काही आलं नाही, पण लवंग आठवली. आई आठवली, तिचं थांबलेलं उलथनं आठवलं. आणि पहिल्यांदाच मला कळलं की आई माझ्या तोंडाकडे का बघायची. खवा तिला माझ्याहून जास्त कळत होता. ती तरीही विचारत होती. दूध खदखदत होतं, मग आवाज जड झाला, मग नुसता सुस्कारल्यासारखा यायला लागला, आणि कोंडाबाईंनी त्याच आवाजावर जाळ ओढला. इतकी वर्षं मी ह्या कढईवर वाकले होते, कढई बोलते हे मला नाकामुळे ऐकूच आलं नव्हतं. साखर माझ्या नेहमीच्या मापानं पडली, वेलदोडा पडला. पेढे वळले गेले. पहिला पेढा परातीत आला तसा कोंडाबाईंनी तो सवयीनं माझ्यापुढे धरला आणि जीभ चावली.

मी म्हणाले, "तुम्ही चाखा." त्या म्हणाल्या, "हितं चाखायचं न्हाय, असा कायदा हाय तुमचा." मी म्हणाले, "कायदा मोडला." त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, ही संधी अशीतशी वाया घालवणारी बाई ती नव्हे. पेढा अर्धा तोडून तोंडात घातला. डोळे मिटले. चघळायला इतका वेळ लावला की विरेश दारातून "बाई, झोपलाव का?" म्हणाला. मी पोत्यावरून उठून उभी होते, हात पदरात गुंडाळलेले, त्यांच्या तोंडाकडे बघत. माझ्या आयुष्यात कुणाला न विचारलेला प्रश्न माझ्या तोंडाशी आला, आणि मी तो विचारून टाकला.

"कसा झालाय?"

"चांगला हाय," कोंडाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "दाना बराबर हाय. जाळ बराबर हाय. आप्पास्नी द्या खुशाल." मग डोळे उघडून म्हणाल्या, "पर ताई, तुमी साखर लई घालताव. पयल्यापासनं."

मी म्हणाले, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"इचारलं कवा?"

त्यांनी उरलेला अर्धा पेढा माझ्यापुढे धरला. त्यांच्या दातांची खूण त्यावर होती. "धरा. उष्टं चालतंय का तुमाला?" मी घेतला आणि तोंडात टाकला. दूध लागलं नाही, वेलदोडा लागला नाही, धूर लागला नाही. जिभेला तिचं स्वतःचं असं कळतं तेवढंच कळलं, गोड. आणि गोड खरंच जास्त होतं.